हाताचं माप

आधी माफी मागून घेते. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, तेही वैरागच्या शाळेत, आणि त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. अक्षर तर असं की गुरुजी म्हणायचे, "पाटीवरनं कोंबडी चालत गेली काय गं?" सगळी पोरं हसायची आणि मी पाटी पाठीमागं लपवायची. आजही कुणी बघत असलं तर मला सही करता येत नाही.

हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. लेकीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. काही वाया जाऊ द्यायचं नाही ही माझी लहानपणापासूनची खोड. त्याच खोडीनं मला एकदा खोल खड्ड्यात घातलं. त्यातून मला ज्यांनी वर काढलं त्यांचं कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा माझे मालक, म्हणजे लेकीचे वडील, गिरणीत मागावर होते. वर्षभरात मीही त्याच गिरणीत रिळाच्या खात्यात लागले. त्या खात्यात सगळ्या बायकाच. दिवसभर उभं राहून सूत रिळावर घ्यायचं, धागा तुटला की जोडायचा. लेक झाली, तीन महिन्यांची झाली आणि पुन्हा कामावर जायची वेळ आली. तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बसवून गोळी करायला शिकवलं.

गोळी अफूची. परवान्याच्या दुकानातून थोडी आणायची, बोटांत मळून मोहरीएवढी करायची आणि दुधात उगाळून पोराच्या जिभेला लावायची. पोर दुपारच्या सुट्टीपर्यंत झोपून राहतं. आमच्या चाळीतल्या ज्या बाया गिरणीत जात, त्या सगळ्यांची पोरं अशीच झोपत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "माजी पाच लेकरं ह्याच गोळीवर मोटी झाली. तुजा नवरा बी त्यातलाच हाय की." मग मी काय बोलणार? पुढं त्या धाकट्या दिराकडं माढ्याला राहायला गेल्या आणि रोजची गोळी माझ्या एकटीच्या हातात आली.

गोळी मळली की बोटांना तपकिरी चिकट थर राहायचा. तो धुऊन टाकायचा म्हणजे पैसे मोरीत सोडल्यासारखं वाटायचं. मी तो चाटून टाकायची. एवढंच. कडू लागायचं, पण एवढंसं तर होतं.

पंधरा-वीस दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की उभं राहून पोटऱ्या दुखायच्या त्या आता दुखत नाहीत. आणखी एक गोष्ट झाली. ती लिहायला मला आजही लाज वाटते. मी बोलायला लागले. रिळावर बाया दिवसभर एकमेकींना चिडवतात, कुणाच्या नवऱ्याची नक्कल करतात, कुणाच्या सासूला नावं ठेवतात. मी त्यांच्यात वर्षभर मान खाली घालून उभी होते. मला त्या "मुकी" म्हणायच्या. आता सकाळी बोटं चाटून गेले की मी त्यांच्याबरोबर हसायची, एखादं उत्तरसुद्धा द्यायची. एकजण म्हणाली, "आगं बया, मुकीला त्वांड फुटलं! काय खातीस गं?" मी म्हटलं, "भाकरी." सगळ्या हसल्या. त्या हसण्याचं मला फार अप्रूप वाटलं. इतकी वर्षं गाठ मारून ठेवलेली मी आता सुटले, असंच मला वाटत होतं.

मग बोट चाटणं पुरेना. लेकीची एक गोळी आणि माझी एक, असं सुरू झालं. मग माझी मुगाएवढी झाली.

लेक दीड वर्षाची असेल, तेव्हा गिरणीत पाळणाघर निघालं. तिथं एक शिकलेल्या बाई नेमल्या होत्या. त्यांनी लेकीची पापणी वर करून पाहिली आणि मला विचारलं, "अफू देता ना हिला?" मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मी रागावत नाही. पण इथं अफू दिलेलं मूल मी घेणार नाही. दहा-बारा दिवस ती फार रडेल. दिवसा मी तिच्याजवळ बसेन, तुम्ही फक्त घरी देऊ नका." लेक खरंच इतकी रडली की शेजारणींनी भिंतीवर थापा मारल्या. पण बाईंनी शब्द पाळला. दुपारच्या सुट्टीत मी पाजायला जाई तेव्हा बाईंच्या खांद्यावर ती असायची आणि बाईंचं लुगडं ओलं झालेलं असायचं. पंधराव्या दिवशी माझ्या लेकीनं माझ्याकडं पाहून टाळ्या वाजवल्या. तोवर मला वाटायचं की माझं पोर स्वभावानंच गरीब आहे. ते गरीब नव्हतं, गुंगीत होतं.

लेक सुटली. मी सुटले नाही.

उलट माझी पंचाईत झाली. आजवर दुकानात जाऊन "पोरीला पाहिजे" म्हणायची सोय होती. सगळ्याच बाया तसं म्हणत. आता पोरीला नको होतं, तरी मी तेच म्हणत राहिले. वर्ष गेलं, वरती सहा महिने गेले. दुकानदार पुडी बांधता बांधता एकदा म्हणाला, "पोरगी अजून गोळीच घेती व्हय? हिच्या लग्नात बी आमच्याच दुकानातनं न्यावं लागतंय आता." बाजूची माणसं हसली. मीही हसले, आणि पुडी कमरेला खोचून निघाले.

घरात मालक काही विचारत नसत. ते कमी बोलणारे आणि मीही. दोन न बोलणारी माणसं एका खोलीत असली की पुष्कळ काही लपून राहतं.

आता खालाचं सांगते. आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत एक बांगडीवाली राहायची. तिला सगळ्या खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मागं पुढं कुणी नव्हतं. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती वैराग, माढा अशा बाजारांना जायची, चार-चार दिवस फिरतीवर असायची. गुडघे सुजलेले. बाजाराच्या तोंडाशी बसायला एक फळी भाड्यानं घ्यायची, म्हणजे पायपीट सुटेल, यासाठी ती पैसे साठवत होती. घराला कुलूप धड नव्हतं, म्हणून एके दिवशी तिनं ते पैसे माझ्याकडं आणून दिले. अठ्ठावीस रुपये. आमच्या उंबऱ्याच्या दगडावर एकेक रुपया वाजवून तिनं आपल्या कापडी पिशवीत टाकला, गाठ मारली आणि पिशवी माझ्या पदरात टाकली.

मी म्हटलं, "खाला, माज्याकडं कशापायी? दुसऱ्या कुणाकडं तरी ठेवा."

"नक्को. बोलणाऱ्या बाईकडं पैसा ऱ्हात न्हाय. तू बोलत न्हाईस."

ते पैसे मी खाल्ले. एकदम नाही. गिरणीत खाडे होऊ लागले, पगार कमी येऊ लागला. तेव्हा एक रुपया काढला, पुढच्या पगाराला परत ठेवीन म्हणून. मग दुसरा काढला. दरवेळी मनापासून ठरवायची की परत ठेवायचा. त्या दिवसांतली मी खोटारडी होते असं म्हणणं सोपं आहे, पण ठरवताना मी खोटं ठरवत नव्हते. वर्षाच्या आत पिशवी रिकामी झाली आणि तिला पुन्हा गाठ मारून मी ती डब्यात तळाशी ठेवली.

नागपंचमीच्या आधी खाला चाळीत बांगड्या भरायला आली. आम्ही सहा-सातजणी ओट्यावर बसलो होतो. माझी पाळी आली. खालानं माझा हात हातात घेतला. बांगडीवाली हात घेते तो नुसता धरत नाही. अंगठ्याखालचा उंचवटा दाबते, चारी बोटं जुळवते, हाड कुठं आहे ते चाचपते आणि मग माप ठरवते. तिनं नेहमीच्या मापाची बांगडी घातली. ती दाबावी न लागता सरळ आत गेली आणि कोपरापर्यंत घरंगळली. तिनं एक माप लहान घेतलं. तेही तसंच गेलं.

एक शेजारीण म्हणाली, "खाला, पोरीच्या मापाच्या घाला आता तिला!"

सगळ्या हसल्या. खाला हसली नाही. तिनं माझा तळवा उघडला. तो ओला गार होता. मग तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं, उन्हात पाहतात तसं वाकून. आणखी लहान मापाच्या बांगड्या भरल्या, वरती एक जास्तीची घातली, मी रीतीप्रमाणं नमस्कार केला आणि ती पुढच्या हाताकडं वळली.

दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. मालक बाहेर गेलेले. खाला आली, उंबऱ्यावरच बसली. मला वाटलं, आता पैसे मागणार. ती म्हणाली, "किती खातीस?"

मी उठून चुलीतलं लाकूड मागं सारलं.

"बेटी, माजा मालक ह्याच रस्त्यानं गेला. त्याचा हात मी रोज धरत हुते. हात काय ते मला नगं शिकवू. किती?"

मी चिंचोक्याकडं बोट केलं. लेक चिंचोके खेळत होती. अर्ध्या चिंचोक्याएवढी, असं खुणेनं सांगितलं. मग उठले, डब्यातून रिकामी पिशवी आणली आणि तिच्यापुढं ठेवली. गाठ तिनं सोडली नाही. वजन हातालाच कळलं. ती किती तरी वेळ ती पिशवी चुरगाळत बसली. गुडघ्यावरून हात फिरवला. मी रडतही नव्हते. अफू खाणाऱ्याला रडूसुद्धा नीट येत नाही.

शेवटी ती म्हणाली, "शिव्या द्यायला लई याद हायत, पण त्या ऐकायला तू हितं कुटं हाईस? आधी तू परत ये. पैसा मग."

तिला एक उपाय ठाऊक होता. एका हकीमानं तो तिच्या नवऱ्यासाठी सांगितला होता, पण त्यानं तो केला नाही. किराईताचा कडू काढा करून एक मोठी बाटली भरायची. महिन्याची अफू तीत विरघळवायची. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घ्यायचा आणि जितका घेतला तितका साधा काढा बाटलीत परत ओतायचा. बाटली नेहमी भरलेली राहते. अफू रोज कणभर पातळ होत जाते. अंगाला झटका बसत नाही.

"पण बाटली समोर खुंटीला टांगायची," खाला म्हणाली. "आन् नवऱ्याला सांगायचं. लपवलेली बाटली लागू पडत न्हाय."

अफू सोडण्यापेक्षा हे मला अवघड वाटलं. मालक जेवून उठेपर्यंत मी थांबले. मग भिंतीकडं तोंड करून सगळं सांगितलं. लेकीची गोळी, बोट चाटणं, दुकान, खालाचे अठ्ठावीस रुपये. मी वळून पाहिलं तर ते हातावर पाणी घ्यायचं विसरून तसेच उभे होते.

ते म्हणाले, "मला वाटलं, मी तुला आवडत न्हाय."

"म्हंजी?"

"दोन वरीस झाली. तू हितं असतीस आन् नसतीस. मला वाटलं, आपलंच कायतरी कमी पडतंय."

तेव्हा मला रडू आलं. बाटलीला सुतळीचा फास करून खुंटीला त्यांनीच टांगलं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग हाडं दुखायला लागली. जांभया थांबत नसत, नाकाडोळ्यांतून पाणी, पोट बिघडलेलं. रिळावरचा आवाज एकदम कानाशी आला. इतकी वर्षं तो लांबून येत होता, हे मला तेव्हा कळलं. आणि तोंड पुन्हा मिटलं. बाया बोलत, मी मान खाली घालून सूत जोडी. "मुकी परत मुकी झाली की गं," असं कुणीतरी म्हणालं.

खाला बाजारांना गेली होती. त्या आठवड्यात मी दुकानात गेले, पुडी आणली आणि बाटलीत टाकली. बाटली पुन्हा गडद झाली. मालकांना समजलं नाही. खाला चार दिवसांनी आली, बाटली उजेडाला धरली, बूच काढून वास घेतला. मला वाटलं, आता ही उठून जाणार. ती म्हणाली, "चल, फिरून पहिल्यापासनं." आणि चुलीवर किराईत ठेवायला सांगितलं.

दुसऱ्यांदा मी दुकानापर्यंत गेले तेव्हा लेक कडेवर होती, तीन वर्षांची. दुकानदारानं मला ओळखून आधीच तराजू उचलला. "पोरीला ना?"

लेकीनं माझ्या खांद्यावरून मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला नगं!"

तिला कशाचं काय माहीत असणार? कुणी काही पुढं केलं की त्या वयात ती "नगं" म्हणायची, भाताला आणि दुधालासुद्धा. पण तिच्या नावावर मी दीड वर्ष घेत होते, आणि तिनं नाही म्हटल्यावर माझ्याजवळ बोलायला काही उरलं नाही. "मलाच पाहिजे" असं त्या माणसासमोर म्हणायची मला लाज वाटली. माझ्या लाजरेपणानं आयुष्यात माझं काही भलं केलं असेल तर ते त्या दिवशी. मी तशीच वळले. घरापर्यंत लेक "नगं, नगं" असं गाणं म्हणत होती.

त्यानंतर पुन्हा गेले नाही. बाटलीतली अफू कधी संपली ते मला सांगता येणार नाही. काढा आधी गडद होता, मग चहासारखा झाला, मग नुसता किराईताचा रंग उरला. थंडी सरता सरता एका सकाळी भाकऱ्या थापताना लक्षात आलं, की काल दोन्ही वेळचा चमचा मी विसरले. मी पिठाच्या हातांनी बाटलीखाली उभी राहिले. बाहेर कुणाच्या तरी फोडणीचा लसणाचा वास येत होता. मला भूक लागली होती. तोंडाला पाणी सुटावं अशी भूक मला कितीतरी दिवसांनी लागली होती. त्या दिवशी थापता थापताच मी एक भाकरी मीठ-तेल लावून उभ्या-उभ्या खाल्ली, मालकांच्या आधी.

पुढच्या नागपंचमीला खालानं हात धरला आणि माझं जुनं माप काढलं. ते जाईना. तिनं अंगठ्याखाली असं दाबलं की डोळ्यांत पाणी आलं. एक बांगडी वाढवली, म्हणजे फुटली, काच लागून जरासं रक्त आलं. शेजारणी म्हणाल्या, "आगं सावकाश, खाला!" खाला मात्र हसत होती. "ह्यो हाय हिचा हात," म्हणाली. मीही हसले. चारचौघींत मी अजून गप्पच असते. पण त्या काय बोलतात ते सगळं मला ऐकू येतं, आणि संध्याकाळी घरी मालकांना सांगता येतं. त्यांनाही आता नकला आवडायला लागल्या आहेत.

पैशाचं राहिलं. मालक म्हणाले होते, की ते आपल्या पगारातून अर्धे एकदम देतील. खाला नाही म्हणाली. "तुमचं नक्को, भाऊ. जिनं खाल्लं तिच्याच हाताचं पायजे." दर पगाराला मी एक रुपया द्यायची. तोवर ती टोपली घेऊन फिरतच होती. तिला त्या सुजलेल्या गुडघ्यांवर वैरागच्या गाडीतळाकडं जाताना मी ओट्यावरून बघत राहायची. एकदा मी तिची टोपली उचलून चौकापर्यंत नेली. ती म्हणाली, "ह्याचं भाडं रुपयात धरू नगंस हां." मध्ये गिरणी बंद पडली, तेव्हा तेलुगू विणकरांच्या घरी बसून सुताच्या कांड्या भरल्या, त्या महिन्यांत चार-चार आणे दिले. पण दिले.

सगळं फिटायच्या आधीच तिनं बाजाराच्या तोंडाशी फळी घेतली होती. माझ्याकडून आलेल्याला हात न लावता, बांगड्यांच्या कमाईतून साठवलं होतं तिनं. शेवटचा रुपया घेऊन मी तिथं गेले. लेक बरोबर होती, तिला शाळेत घालून थोडेच दिवस झाले होते. खालापुढं गिऱ्हाईक बसलं होतं. मी मागं उभी राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं हात पुढं केला. मी रुपया ठेवला.

तिनं तो फळीच्या कडेच्या दगडावर टाकून वाजवला, कुणाही गिऱ्हाइकाचा वाजवते तसा. कान देऊन ऐकला. मग कमरेची पिशवी काढली. तीच, माझ्या डब्याच्या तळाशी राहिलेली. रुपया आत टाकला, गाठ मारली आणि म्हणाली, "झाले पुरे."